जुलैत मॉरिशसला जाताय? समुद्राचं आधी बघा

जुलैत दोन मुलं आणि आईवडिलांना घेऊन मॉरिशसला जायचंय, ऊन पडलेलं असेल तर पाण्यात उतरायला हरकत नाही ना, असं तुम्ही विचारलंय. उन्हावर जाऊ नका. तिथला समुद्र आभाळ बघून कळत नाही.

आपल्याकडे खवळलेला दर्या म्हणजे पावसाळा, वारा, काळे ढग. तिकडे जुलै म्हणजे हिवाळा. त्या दिवसांत खाली दक्षिणेच्या महासागरात, अंटार्क्टिकाच्या बाजूला, मोठाली वादळं होतात आणि त्यांच्या लाटा पार मॉरिशसपर्यंत येतात. दर १६ सेकंदांनी येणाऱ्या लाटांचा जथा खोल पाण्यात ताशी साधारण ४५ किलोमीटर वेगाने सरकतो, म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर. वादळ होऊन तीन दिवस उलटलेले, बेटावर लख्ख ऊन, आणि किनाऱ्यावर लाटांचा मारा. मे २००७ मध्ये अशाच लाटांनी शेजारच्या रियुनियन बेटाला झोडपलं, मच्छीमारांचे बळी गेले. काही दिवसांनी मालदीवच्या कित्येक बेटांवर समुद्राचं पाणी घुसलं.

मॉरिशसला बहुतेक बाजूंनी प्रवाळाचा बांध आहे. लाट त्यावर फुटते, म्हणून आतलं पाणी शांत. हॉटेलच्या फोटोत दिसतं ते हेच. पण बांधावरून आत पडलेलं पाणी परत बाहेर जातं ते मधल्या खिंडींतून, आणि बाहेर लाटा जितक्या मोठ्या तितकी खिंडीकडे ओढ जास्त. स्नॉर्केलिंग करणारा तोंड पाण्यात घालून मासे बघत राहतो, मान वर काढतो तेव्हा किनारा लांब गेलेला असतो. बेटाच्या नैऋत्य टोकाला, ल मॉर्नच्या बाजूला, याची विशेष काळजी घ्या. खिंड कुठे आहे हे स्थानिक माणसाला विचारूनच उतरा.

ग्री-ग्रीचा कडा तुमच्या यादीत आहे. जरूर जा, पण वरूनच बघा. दक्षिण टोकाला, सुयाकजवळ, हा बांधच नाही. लाट थेट कड्यावर आदळते. खाली वाळू आहे, म्हणून लोकांना मोह होतो. मोठ्या लाटा पाच-सात अशा एकामागून एक येतात, मग बराच वेळ सगळं थंड. टूरची गाडी नेमकी त्या थंड वेळात पोचली की मंडळी फोटोसाठी खडकावर. तिथला दगड आपल्या सह्याद्रीतलाच, काळा बेसाल्ट. कोरडा असला की मळकट राखाडी दिसतो, भिजला की चकचकीत काळा. जिथवर चकाकतोय तिथवर लाट येऊन गेलीय, तुम्ही पाहिली नसली तरी. आधी वीसेक मिनिटं नुसतं उभं राहून बघा. मुलं कंटाळतील, कंटाळू देत.

मॉरिशसचं हवामान खातं रोजच्या अंदाजात बांधाबाहेरच्या लाटांची उंची देतं. आमच्या घरचा नियम सरळ आहे: आकडा तीन मीटरच्या वर गेला की दक्षिण किनारा रद्द. मुलांना डुंबायचंच असेल तर उत्तरेकडे मों श्वाझी किंवा परेबेर. हिवाळ्यातला आग्नेयेचा वारा तिथे कमी लागतो. तिथेही लाल बावटा असेल तर वाळूत किल्ले बांधा. पायात पाण्यातले बूट हवेतच, विषारी काट्यांचा दगडमासा वाळूत दडून बसतो.

कुणी ओढीत सापडलंच तर प्रवाहाशी झुंजायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करून हाका मारायच्या, ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर सरकून मग बाहेर यायचं. बाकीच्यांनी मागोमाग उडी टाकू नये. असे प्रसंग एकाचे दोन होतात ते तिथेच. दोरी, रिकामा कॅन, बर्फाचा डबा, जे तरंगेल ते फेका आणि जीवरक्षकाला बोलवा.

बोटीच्या सहलीला तुमचे वडील 'मला पोहता येतं' म्हणून लाइफ जॅकेट मांडीवर ठेवतील. ते अंगात घालून बक्कल लागल्याशिवाय बोट सुटू देऊ नका.