‘पश्चात्ताप होतो’, मग ‘पश्चात्ताप करा’ कसं?

प्रश्न असा आहे: ‘वसईत एका चर्चबाहेर “पश्चात्ताप करा” असं वाचलं. आपल्याला पश्चात्ताप होतो. तो करायचा कसा? आणि पस्तावा, पश्चात्ताप, प्रायश्चित्त हे सगळं एकच ना?’

एकच नाही. आणि बोट अगदी नेमक्या क्रियापदावर ठेवलंय.

आधी लेखन. पश्चात् + ताप, म्हणून दोन त, ‘पश्चाताप’ नव्हे. मागाहून होणारी जळजळ. ‘पस्तावा’ हे त्याच शब्दाचं झिजून घरगुती झालेलं रूप. रोजच्या मराठीत दोन्ही आपल्याला ‘होतात’, सर्दी होते तसे.

चर्चबाहेरच्या त्या ओळीतल्या ‘पश्चात्ताप’ला बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे मेतानोइया. मन पालटणं. त्याच्यामागे उभी आहे हिब्रू ‘शूव्’ ही क्रिया, म्हणजे मागे वळणं, परतणं. जुन्या करारातले संदेष्टे ‘माझ्याकडे वळा’ असा देवाचा निरोप सांगतात तो याच क्रियेने. वळणं आपोआप होत नाही, पाय उचलावा लागतो. म्हणून येशूच्या तोंडी तो आज्ञार्थ आहे: ‘पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे’ (मत्तयचं शुभवर्तमान 4:17). आपल्या शब्दात ताप होता, वळण नव्हतं. ख्रिस्ती मराठीत त्याला ‘करा’ जोडलं जातं आणि ते वळण येतं. मला हा आपल्या भाषेत झालेला फार मोलाचा बदल वाटतो.

पस्तावा वेगळा का, ते येशूला धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा याच्या गोष्टीत दिसतं. मत्तय 27:3 मध्ये ग्रीक क्रियापदच दुसरं आहे आणि मराठी बायबलही तिथे ‘पस्तावला’ म्हणतं. तो चांदीची तीस नाणी परत करतो, निर्दोष माणसाला धरून दिलं हे कबूलही करतो, पण येशूकडे परतत नाही. पेत्र या दुसऱ्या शिष्याने येशूला तीनदा नाकारलं, तो रडला आणि परत आला. जळणं दोघांचंही खरं होतं.

आता प्रायश्चित्त. धर्मशास्त्रात ते दोष धुण्यासाठी करायचं कर्म: व्रत, उपास, दान. (तुकोबांनी मात्र अनुतापात चित्त न्हाणं हेच प्रायश्चित्त म्हटलंय, आणि ते मेतानोइयाच्या किती जवळ जातं!) कॅथलिक मराठीत हा शब्द ठाण मांडून आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा तो प्रायश्चित्तकाळ. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावताना धर्मगुरू म्हणतात, ‘पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा.’ पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंजवळ पाप कबूल करण्याला, गोव्याच्या कोकणीत कुमसार म्हणतात, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. या विधीतला क्रम पाहण्यासारखा आहे: माणूस पाप सांगतो, धर्मगुरू प्रायश्चित्त नेमून देतात, बहुधा काही प्रार्थना. पण पापक्षमेचे शब्द तिथेच उच्चारले जातात. प्रार्थना घरी जाताना, नंतर. क्षमा प्रायश्चित्ताची किंमत मोजून मिळत नाही. लॅटिन बायबलमध्ये मेतानोइयासाठी ‘पेनितेन्तिया’ होता आणि त्यात पश्चात्ताप व प्रायश्चित्त दोन्ही मिसळले होते. 1517 मध्ये प्रोटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने आपल्या 95 प्रबंधांपैकी (म्हणजे छोट्या विधानांपैकी) पहिलाच याच शब्दावर लिहिला: विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असावं, अशी ख्रिस्ताची इच्छा आहे.

बरं होण्याचा संबंधही आहेच. याकोबाचं पत्र (5:16) सांगतं की आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही निरोगी व्हाल. झाकलेली जखम उघडून दाखवावी तसं.

हा सगळा अर्थ येशूने सांगितलेल्या ज्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत भरलाय, तिच्यात मात्र पश्चात्ताप हा शब्द त्या मुलाच्या तोंडी येत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या 15 व्या अध्यायातला, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा डुकरं चारतो आहे, शेंगांवर भूक भागवावी असं त्याला वाटतंय. तिथे मराठी बायबल म्हणतं, तो ‘शुद्धीवर’ आला. मूळ ग्रीकात ‘स्वतःकडे आला’. मग तो उठतो आणि घराच्या वाटेला लागतो. बापाला काय सांगायचं ते त्याने घोकून ठेवलंय: मी पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. शेवटचं वाक्य म्हणजे त्याने स्वतःच ठरवलेलं प्रायश्चित्त. तो दूर असतानाच बाप धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. मुलगा बोलू लागतो, पहिली दोन वाक्यं म्हणतो. मोलकऱ्याचं वाक्य निघायच्या आत बाप चाकरांना अंगरखा आणायला सांगतो.