हप्ता अडलेल्या माणसाशी बोलताना

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचं कृषी सहायक) म्हणून नेमणूक झाली, गावंही मिळाली, हे ऐकून फार बरं वाटलं. बोंडअळी आणि खतांचे प्रश्न पुढं येतीलच. आधी लोक विचारतील, "मॅडम, माझा हप्ता का आला नाही?"

शेतकऱ्यांना केंद्राच्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच. दोन हजारांचा हप्ता पगारदाराला किरकोळ वाटेल. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरात पावसाळ्यातला हप्ता चुकला, तर खत दुकानदाराकडून उधारीवर आणावं लागतं. म्हणून 'पोर्टलवर बघा' एवढं सांगून कुणाला परत पाठवू नकोस.

जमिनीची नोंद महसूलकडे, अर्ज आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) तुमच्या कृषी खात्याकडे, आधार जोडणी बँकेकडे. माणूस या तिघांच्या दारात फिरत राहतो. तू त्याच्यासमोर स्टेटस उघड आणि काय अडलंय, कुणाकडे जायचंय, ते चिठ्ठीवर मराठीत लिहून दे. कित्येकदा हप्ता आलेलाही असतो. पैसे जातात आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि माणूस पाहत असतो सोसायटीच्या कर्जासाठी काढलेलं जुनं पासबुक. कुठल्याशा शिबिरात उघडलेलं पोस्टाचं खातं तो विसरून गेलेला असतो. ते आधी विचार. बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांना केंद्रावर हेलपाटे घालायला लावू नकोस, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही ई-केवायसी होते.

तालेवार मंडळी नाव घालायचा आग्रह धरतील. इन्कम टॅक्स भरणारे अपात्र आहेत, आणि नंतर वसुली निघते, हे स्पष्ट सांग. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं, एवढंच. नवरा-बायको दोघांना वेगळा लाभ नाही.

मला खरी काळजी आहे ती विधवांची. नवरा जाऊन वर्षं झाली, सातबारा अजून त्याच्याच नावावर, हप्ता बंद. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही. पण जमीन वारसाहक्कानं आली असेल, तर ही तारीख आड येत नाही. हे त्या बाईला कुणी सांगितलेलंच नसतं. दीर कागद देत नाही म्हणून ती गप्प बसते. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडं तिच्यासोबत तू स्वतः जा.

बटाईनं किंवा खंडानं दुसऱ्याची जमीन करणाऱ्याला मात्र यातलं काहीच मिळत नाही. पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो, राबणाऱ्याला नाही, आणि हे मला आजही पटलेलं नाही. नियम तुझ्या हातात नाही. पण अशा माणसाला स्पष्ट सांग, नाहीतर एजंट त्याच्याकडून अर्जाचे पैसे उकळतो.

गावं फिरायला लागलीस की मयत खातेदारांची यादी कर. शेतकरी ओळख क्रमांकही आता सातबाऱ्यावरच्या नावालाच मिळतो, म्हणजे वारस नोंद राहिली की पीकविमा आणि ठिबकचं अनुदानही अडलं. मृत्यूचा दाखला नसेल तिथं ग्रामपंचायतीतून काढायला लाव. पेरणी सुरू झाली की कुणी घरी सापडणार नाही, त्याआधीच हे उरक.

अडलं तर फोन कर.

तुझा,
काका