महाग मेकअप आणि स्वस्त मेकअपमध्ये खरंच फरक असतो का? माझ्या डब्यातलं सांगते

तुम्ही विचारलंय की तुमच्याकडं सगळा मेकअप दोनशे-तीनशेच्या आतला आहे, आता परभणीत नोकरी लागलीय, तर पहिल्या पगारातून एखादी महागाची वस्तू घ्यावी का, आणि स्वस्त मेकअपनं चेहरा खराब होतो असं मैत्रीण म्हणते ते खरंय का. मी लातूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, मेकअपची आवड कॉलेजपासूनची, त्यामुळं माझ्या डब्यात चाळीस रुपयांच्या काजळापासून चार हजारांच्या फाउंडेशनपर्यंत सगळं आहे. काल रात्री तुमचा प्रश्न वाचला आणि सगळा डबा पलंगावर रिकामा करून एकेक वस्तू हातात घेऊन बघितली.

फरक असतो, पण सगळ्या वस्तूंत नाही. माझे जास्तीचे पैसे खऱ्या अर्थानं एकाच ठिकाणी कामाला आले, फाउंडेशनमध्ये, आणि तेसुद्धा ते महाग होतं म्हणून नाही तर त्यांच्याकडं माझा रंग होता म्हणून.

हे जरा सविस्तर सांगते. मी सावळी आहे, पिवळसर झाक असलेली सावळी, आपल्याकडं कितीतरी बायका ह्याच रंगाच्या. माझ्या लग्नात पार्लरवाल्या ताईंनी माझ्यापेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन लावलं, नवरी उजळच दिसायला पाहिजे म्हणाल्या, आणि अल्बम आला तर चेहरा राखेसारखा, मान वेगळी, हात वेगळे. आई बघून गप्पच बसली. मी तो अल्बम कितीतरी वर्षं पाहुण्यांसमोर काढला नाही, मला वाटायचं माझ्या चेहऱ्यालाच मेकअप शोभत नाही. खरं कारण लई उशिरा कळालं. फाउंडेशनचा रंग मुख्यतः चार पुड्यांतून बनतो, पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड आणि लाल, पिवळा, काळा असे तीन आयर्न ऑक्साइड. आपल्या गेरूला लाल रंग ज्यानं येतो तेच हे. दोनशेच्या बाटलीतही हेच आणि चार हजारांच्या बाटलीतही हेच, फरक पडतो तो त्यांच्या प्रमाणात आणि कंपनी अशी किती वेगवेगळी प्रमाणं बनवते त्यात. तीन-चारच शेड काढायच्या म्हटल्यावर त्या गोऱ्या रंगाकडं झुकलेल्या असतात, पांढरा जास्त, आणि सावळ्या कातडीवर तो पांढरा करडा दिसतो, त्यात फोटोवाल्याचा फ्लॅश पडला की विचारूच नका. 2017 ला गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी कंपनीनं एकदम 40 शेड बाजारात आणल्या, त्यानंतर बाकीच्या कंपन्यांनी पण शेड वाढवल्या, आणि आपल्यासारख्यांची सोय झाली ती तिथून पुढं.

सातव्या वेतनाच्या फरकाचे पैसे आले तेव्हा मी पुण्याला बहिणीकडं गेले आणि मॉलमधल्या काउंटरवर फाउंडेशन घेतलं. तिथल्या पोरीनं गालावर नाही, जबड्याच्या कडेला तीन रेघा ओढल्या, मला म्हणाली ताई बाहेर उन्हात जाऊन बघा, अर्धा तास फिरून या, कारण काही फाउंडेशन लावल्यावर थोड्या वेळानं काळपट पडतात. परत आले तेव्हा मधली रेघ सापडेना, इतकी ती कातडीत मिसळून गेली होती. आरशासमोर डोळे भरून आले माझे. चार हजार मी त्या रेघेसाठी दिले आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पण आता पुढचं ऐका. नंतर आपल्याकडच्या दुकानात सहाशे-सातशेच्या फाउंडेशनमध्ये पण तशीच शेड मिळाली, म्हणून मी मावसबहिणीच्या लग्नात अर्ध्या तोंडाला हे आणि अर्ध्या तोंडाला ते लावून गेले. औशाला लग्न, मे महिना, वर पत्रे असलेलं मंगल कार्यालय, दुपारचा मुहूर्त. सकाळी नऊला लावलेलं चार वाजता बघितलं तर महागाची बाजू बऱ्यापैकी जागेवर होती आणि स्वस्ताची नाकाच्या कडेला अन् वरच्या ओठावर फुटली होती, घाम पुसला तिथं रुमालाला लागली होती. तर टिकण्यात फरक आहे. जास्त टिकणाऱ्या फाउंडेशनमध्ये उडून जाणारं सिलिकॉन असतं, ते उडालं की मागं पातळ पापुद्रा राहतो, तो घामाला लवकर दाद देत नाही. पण दिवसभरात भेटलेल्या एकाही बाईला दोन्ही गालांतला फरक कळाला नाही, फोटोत मला स्वतःलाही शोधावा लागला. त्यामुळं आता महागाचं लग्नकार्याला, एरवी शाळेत सहाशेवालं.

लिपस्टिकचं म्हणाल तर माझ्याकडं तेवीस आहेत, त्यातली दोन हजारांच्या घरातली फक्त एक, तिच्यात माल 3 ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला सहाशेच्या वर गेला हिशोब. आणि तेवीसमधली तळापर्यंत संपलेली एकच आहे, दोनशे रुपयांची विटकरी रंगाची, तिचा उरलेला रंग मी काडीनं कोरून ओठाला लावायलेय. लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंग, तेल बऱ्याचदा एरंडेल असतं. उन्हाळ्यात कपाट तापलं की लिपस्टिकच्या टोकावर बारीक थेंब दिसतात ना, ते तेल बाहेर येतं. माझ्या त्या महागाच्या लिपस्टिकला पण आले होते मागच्या मे महिन्यात, तेव्हा घाबरून फेकू नका, वास बदलला नसेल तर टिशूनं टिपा आणि गार जागी ठेवा.

काजळाला तर मी कधीच जास्त पैसे देणार नाही. आयशॅडोत मात्र थोडा फरक जाणवतो, स्वस्तातल्या पुडीत भुकटी जास्त अन् रंग कमी, ब्रश लावला की डोळ्याखाली सांडते, पण वर्षातून चारदा लावायचं असेल तर चालून जातं. मस्कारा स्वस्तच घ्या कारण तो सहा महिन्यांत टाकूनच द्यायचा असतो, डोळ्याची वस्तू आहे, महागाचा असला की टाकवत नाही आणि मग डोळे येतात. बाटलीवर उघड्या डबीचं चित्र असतं, त्यात 6M किंवा 12M लिहिलेलं असतं, उघडल्यापासून तेवढे महिने.

आता तुमच्या मैत्रिणीच्या म्हणण्याबद्दल. स्वस्त असल्यामुळं चेहरा खराब होत नाही, नकली असल्यामुळं होतो. स्वस्त आणि महाग ब्रँड कितीदा एकाच घरातले असतात, स्वस्तातलं मेबलिन आणि महागातलं लँकोम दोन्ही लोरियाल कंपनीचेच. आपली लॅक्मे 1952 ला टाटांनी सुरू केली, आता हिंदुस्थान युनिलिव्हरकडं आहे, आणि पन्नास-साठ वर्षं बायका तीच लावत आल्यात. पण दोन हजारांची लिपस्टिक कुणी दीडशेला ओरिजिनल म्हणून देत असेल तर हात लावू नका. मी एका प्रदर्शनातून घेतली होती, तिसऱ्या दिवशी ओठांची सालपटं निघाली, आठ दिवस तिखट खाता आलं नाही. घेताना खोका फिरवून बघा, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, मुदत, बाहेरची असेल तर आणणाऱ्याचं नाव आणि नोंदणी नंबर, एवढं असतंच. आमच्या लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत, सोळा रस्ते आहेत आणि हे सगळं छापलेला स्वस्त माल तिथं भरपूर मिळतो, नुसतं वाचून घ्यायचं. आणि लेबल नसलेली गोरं करणारी क्रीम तर कुणी फुकट दिली तरी नको, असल्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पारा कातडीतून आत जाऊन किडनीला धरतो.

चेहरा खराब व्हायचं दुसरं कारण म्हणजे मेकअप नीट न काढणं. आपल्याकडं बोअरचं जड पाणी, फेसवॉशला फेसच येत नाही आणि मेकअप अर्धा तसाच राहतो. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा तोंडावर पाणी मारायचं म्हटलं तरी जीवावर यायचं, त्या दिवसांत मला ही सवय लागली, आधी चमचाभर खोबरेल तोंडाला चोळायचं, मऊ सुती फडक्यानं पुसून घ्यायचं आणि मग तांब्याभर पाण्यात फेसवॉश. पिंपल्स येत असतील तर खोबरेल नको, मेकअप पुसायचं मायसेलर वॉटर घ्या, शंभर-दीडशेची छोटी बाटली येते.

पहिल्या पगारातून मी तुमच्या जागी असते तर सहाशे-सातशेचं फाउंडेशन जबड्याला लावून, दुकानाबाहेर उन्हात बघून घेतलं असतं, आणि उरलेल्या पैशात चांगलं सनस्क्रीन. फाउंडेशनवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्याचा आकडा, लिहिलेला असतो पण तो दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून काढलेला असतो, तेवढं फाउंडेशन आपण कुणीच थापत नाही. सनस्क्रीन दोन बोटांवर लांब रेघ ओढून घ्यायचं, तोंड आणि मान दोन्हीला, आणि पाचेक मिनिटं मुरू द्यायचं, मग वर काय ते लावा.