‘गैरवर्तन’ हा शब्द आधी खोडा

प्रश्न : मी करवीर तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये अकरा वर्षं शिक्षिका आहे. गेल्या ऑगस्टपासून आमचे मुख्याध्यापक रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवर ‘जेवलीस का’, ‘आजची साडी छान होती’ असे मेसेज टाकू लागले. ‘शाळेचं काम असेल तरच मेसेज करा’ असं मी लिहून कळवलं, तरी थांबले नाहीत. एकदा मस्टरवर सही करताना हात धरला. १० जानेवारीला गणपतीपुळ्याच्या सहलीहून परतताना, साखरप्याला चहा घेऊन एसटी निघाल्यावर शेजारी येऊन बसले आणि मुलं झोपल्यावर मांडीवर हात ठेवला. मी उठून मागं गेले. संस्थेला अर्ज दिला. सचिव आणि दोन संचालकांनी आम्हाला समोरासमोर बसवलं, सरांनी लेखी दिलगिरी दिली, त्यांना समज मिळाली. आता सर म्हणतात, ‘चौकशी झाली, विषय संपला. तुमचा गोपनीय अहवाल माझ्याच हातात आहे.’ पाच महिने झाले, साक्षीदार नाही. पोलिसांत गुन्हा दाखल होईल का? – एक शिक्षिका

उत्तर : होईल. संस्थेनं दिलेली समज हा संस्थेचा घरगुती मामला झाला. गुन्हा साऱ्या समाजाविरुद्धचा मानला जातो, तो माफ करायचा अधिकार सचिवांना कुणी दिलेला नाही. आणि ज्याला ते ‘चौकशी’ म्हणतात ती चौकशीही नव्हे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतला. तीन पुरुष आणि समोर चहाचे कप, ही समिती होत नाही. समितीच न नेमल्याबद्दल संस्थेला पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे सचिवांच्या कानावर अवश्य घाला.

आता तुम्ही सोबत पाठवलेली तुमच्या अर्जाची झेरॉक्स. तुम्ही लिहिलंय, ‘मुख्याध्यापकांनी माझ्याशी वेळोवेळी गैरवर्तन केले.’ बाई, मला पत्रात तुम्ही मांडीवरचा हात सांगितला, संस्थेला मात्र ‘गैरवर्तन’. संकोच मी समजू शकते. पण उशिरा येणाऱ्या शिपायाचंही गैरवर्तनच असतं. पोलिसांना द्यायच्या फिर्यादीत हा शब्द एकदाही नको. माझी आईही शिक्षिका होती, त्यामुळं मस्टर कुठं असतं ते मला ठाऊक आहे. तुमच्याकडं ते ऑफिसात सरांच्या टेबलावर असतं का? सही करायला किती वाकावं लागतं? त्यांनी कोणता हात धरला, किती वेळ, तुम्ही सोडवून घेतला की त्यांनी सोडला? एसटीत तुम्ही खिडकीशी होता का, आधी कोण उठल्यानं शेजारची जागा रिकामी झाली? मागं जाऊन कुणाशेजारी बसलात? असं सगळं लिहा, जसं घडलं तसं, त्यांचे शब्दही त्यांच्याच भाषेत. आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असं लिहा, रंगवू नका.

कारण कलमं त्या तपशिलावर ठरतात. विनयभंगाच्या हेतूनं अंगाला हात लावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७४ : किमान एक, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, आणि गुन्हा अजामीनपात्र. लैंगिक छळाचं कलम ७५ स्पर्शाला तीन वर्षांपर्यंत आणि अश्लील शेऱ्यांना एक वर्षापर्यंत शिक्षा देतं. ते जामीनपात्र आहे. ‘मेसेज करू नका’ असं लेखी सांगूनही पुन्हापुन्हा संपर्क साधला, तर पाठलागाचं कलम ७८. नुसतं ‘गैरवर्तन’ वाचून ठाणे अंमलदार तुमचा कागद ‘अर्जावर चौकशी करतो’ म्हणून ठेवून घेईल आणि तुम्ही पोच घेऊन घरी याल.

तो आणखी एक म्हणेल : ‘साखरपा रत्नागिरी जिल्ह्यात, आमची हद्द नाही.’ मस्टरची घटना त्यांच्याच हद्दीतली आहे, हे एक. दुसरं, हद्द नसली तरी शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून पुढं पाठवता येतो. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलंय. तुमची फिर्याद महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची. तरीही टाळलं तर तीच फिर्याद रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत.

साक्षीदार नाही, याचं फार मनावर घेऊ नका. असले उद्योग साक्षीदार टाळूनच केले जातात. विश्वासार्ह असेल तर एकट्या फिर्यादीची साक्षही पुरते. पण त्या रात्री तुम्ही बहिणीला फोन केला होता, असं पत्राच्या शेवटी कोपऱ्यात लिहिलंय. ते कोपऱ्यात कशाला? ते फिर्यादीत हवं. पाच महिने का थांबलात, तेही लिहा : संस्थेनं मिटवलं, अहवालाची भीती घातली. रूपन देओल बजाज आयएएस अधिकारी होत्या. १९८८ साली चंदीगडच्या एका पार्टीत पोलीस महासंचालक गिल यांनी त्यांना मागून चापट मारली. उच्च न्यायालयानं एफआयआरच रद्द केला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा उभा केला, आणि दोषसिद्धी २००५ साली कायम झाली. सतरा वर्षं. हे तुम्हाला धीर यावा म्हणून सांगत नाही, वेळ किती लागू शकतो ते आधीच कळावं म्हणून.

एक तारीख मात्र डोक्यात ठेवा : १० जुलै. समितीकडं तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, त्यापुढं नाही. तुमच्या संस्थेत खरी समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जा. पोलीस आणि समिती हे दोन्ही एकाच वेळी चालतं, एकासाठी दुसरं अडत नाही. आणि गोपनीय अहवालाच्या धमकीला उत्तर तिथंच आहे. चौकशी चालू असताना तुमचा अहवाल मुख्याध्यापकांनी लिहू नये, दुसऱ्यानं लिहावा, अशी शिफारस समिती करू शकते. तुम्ही लेखी मागायला मात्र हवी. चिडून कुणी नोकरीवरूनच काढलं तर शाळा न्यायाधिकरणात तीस दिवसांत अपील करा.

वकिलाच्या फीचं तुम्ही विचारलंय. मोफत कायदेशीर साहाय्यासाठी महिलेला उत्पन्नाची अट नाही. पगार कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज देता येतो. दिलगिरीच्या पत्राची प्रत संस्थेकडून लेखी मागा. देणार नाहीत, पण तुमच्या मागणीची पोच तरी तुमच्याकडं राहील.

आणि शाळा सुरू व्हायच्या आत नवा मोबाईल घेणार आहात म्हणे. घ्या, पण जुना एक्स्चेंजला देऊ नका. स्क्रीनशॉट घेऊन प्रिंट काढल्या म्हणजे झालं, असं नाही. कोर्टात मूळ हँडसेट मागतील.