विश्वासाचीही नोंदवही

प्रार्थना चुकली, उपवास मोडला, रागाच्या भरात नको ते बोलून गेलो, तर देव आपल्याला अजून स्वीकारील का, ही चिंता घेऊन अनेक ख्रिस्ती व्यक्ती समुपदेशनासाठी येतात. त्यांपैकी एका बाईंचा अनुभव ओळख पटणार नाही अशा बेताने येथे मांडत आहे.

त्या रोज रात्री वहीत दिवसभराचे दोष लिहीत आणि एखादा सुटला असेल या भीतीने यादी पुनःपुन्हा तपासत. नियमशास्त्रातील (मोशेच्या यहुदी धर्मनियमांतील) कर्मांनी नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने मनुष्य नीतिमान ठरतो, हे बायबलमधील, प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रातील वचन (2:16) त्यांना तोंडपाठ होते. तरीही आपण अपात्र आहोत असे मानून त्यांनी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा चर्चमधील विधी) घेणे सोडले होते.

म्हणून आम्ही त्या वचनाआधीचा प्रसंग वाचला. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे, पण सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या भीतीने तो त्यांच्या पंक्तीतून उठला आणि पौलाने त्याला तोंडावर विरोध केला. पेत्राने इतरांना जसे पंक्तीबाहेर ठेवले, तसेच तुम्ही स्वतःला ठेवले आहे का, असे मी विचारले. त्यांनी तत्काळ पौलाच्याच करिंथकरांस पहिल्या पत्राकडे बोट दाखवले: आत्मपरीक्षण करा, असे तेथे सांगितलेले नाही का? सांगितले आहे, मात्र त्याच वाक्यात (11:28) परीक्षण करून भाकर खावी असेही आहे, म्हणजे परीक्षणाचा शेवट भोजनात आहे. शिवाय तेथील दोष कोणाच्या सुटलेल्या प्रार्थनेचा नव्हता. काही जण उपाशी राहत आणि काही जण पिऊन तर्र होत, ही पौलाची तक्रार होती.

यहुद्यांचा पूर्वज अब्राहाम याच्या बाबतीतही विश्वास आधी की नियम आधी, हा क्रम महत्त्वाचा आहे. बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात त्याचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला जातो, सुंता 17व्या अध्यायात येते, आणि रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल याच क्रमावर बोट ठेवतो.

बाईंना हे पटले, पण चिंतेने वाट बदलली, आणि माझ्या मते अशा प्रकरणांतील खरी अडचण इथेच असते. प्रार्थनांऐवजी आता त्या विश्वास तपासू लागल्या: तो खरा आहे का, पुरेसा आहे का, काल होता तेवढा आज आहे का? नियमशास्त्र दारातून बाहेर गेले आणि विश्वास हेच नवे कर्म होऊन खिडकीतून आत आले. आपल्या मुलासाठी येशूकडे आलेला मार्क 9:24 मधील बाप मी त्यांच्यापुढे ठेवला. तो विश्वास आहे असे म्हणतो आणि त्याच दमात अविश्वास घालवण्यासाठी मदत मागतो. येशू त्याच्या विश्वासाचे मोजमाप करत बसत नाही, मुलाला बरे करतो. त्या बापाची नजर स्वतःच्या विश्वासावर नव्हे, येशूवर होती.

मग कर्मांवाचून विश्वास निर्जीव, असे बायबलमधील आपल्या पत्रात याकोब का म्हणतो? भुकेल्या, उघड्या भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन पाठवणारा विश्वास त्याच्या डोळ्यांसमोर आहे. घाबरलेल्या मनाला आणखी हिशेब मांडायला लावणे हा त्याचा विषय नाही. कृपा आणि कर्मे यांच्या नात्याविषयी चर्चमध्ये जुने मतभेद आहेत, आणि लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतील प्रोटेस्टंट) व कॅथलिक यांनी याच विषयावर 1999 साली केलेल्या संयुक्त जाहीरनाम्यानंतरही ते सगळे मिटलेले नाहीत. समुपदेशनाच्या खोलीत ते मिटवण्याची गरजही नसते.

तपासणीत रात्रीचे तास जात असल्यामुळे मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवले, कारण सक्तीने येणारे विचार आणि पुनःपुन्हा पडताळण्याची ओढ हा उपचार होण्याजोगा आजार असू शकतो. औषध घेणे म्हणजे अविश्वास, ही त्यांच्या परिचितांची समजूत मला घातक वाटते. उपचार चालू आहेत, वही पूर्ण सुटलेली नाही, पण पाळकांशी बोलून त्या पुन्हा प्रभुभोजन घेऊ लागल्या आहेत.