मज्जातंतू शाबूत, स्नायूही शाबूत. मग पापणी का मिटते?

प्रश्न : माझ्या वडिलांची डावी पापणी सकाळी नीट असते, दिवेलागणीला मात्र खाली उतरते. गेल्या चवथीला घुमट आरतीत दोन आरत्या म्हणताच त्यांचा आवाज गेंगाणा झाला. बांबोळीच्या इस्पितळात रक्त तपासल्यावर ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ हे निदान झाले. मज्जातंतू आणि स्नायू दोन्ही चांगले असताना हे का व्हावे? – एक वाचक, डिचोली

उत्तर : बिघाड या दोहोंच्या सांध्यात आहे. मेंदूचा संदेश मज्जातंतूच्या टोकाशी पोहोचला, की तेथून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटते आणि स्नायूपेशीच्या पटलावरील ग्राहींना, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनांना, चिकटून स्नायूला आकुंचन पावायला लावते. जंतूंशी लढण्यासाठी असलेली प्रतिपिंडे या आजारात त्या ग्राहींवरच उलटतात. काही ठिकाणी ती नुसती जागा अडवतात, काही ठिकाणी दोन ग्राही एकमेकांना जोडून पेशीला ते गिळायला लावतात. पण सर्वांत मोठी हानी होते ती रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ ही प्रतिपिंडांच्या मदतीला धावणारी प्रथिने चेतवली गेल्यामुळे, कारण त्यांच्या माऱ्यात ग्राही धरून ठेवणाऱ्या पटलाच्या घड्याच मोडतात. 1973 साली अमेरिकेत सशांना विद्युत ईल माशाचे ग्राही टोचले असता त्यांच्या अंगात ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि तेही असेच दुबळे पडले, तेव्हा या तर्काला बळकट पुरावा मिळाला.

आता संध्याकाळचे कोडे. सलग संदेश येऊ लागले, की दर खेपेला सुटणारे रसायन थोडे थोडे घटते. निरोगी माणसाकडे भरपूर शिल्लक असल्याने ही घट त्याच्या गावीही नसते. ग्राही उणे झालेल्या माणसाला मात्र तीच भोवते, आणि विसावा घेतल्यावर बळ परतते. आरती आळवताना मऊ टाळू वारंवार वर उचलावा लागतो. तो थकला, की हवा नाकावाटे निसटते.

पायरिडोस्टिग्मिनची गोळी रसायनाचे विघटन लांबवते, प्रतिपिंडांना हात लावत नाही. त्यासाठी स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे लागतात. छातीतील थायमस या प्रतिकारशक्तीशी निगडित ग्रंथीची गाठ काही रुग्णांत आढळते, म्हणून सीटी स्कॅन टाळू नये. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके हा सांधा आणखी दुबळा करतात, तेव्हा साध्या तापासाठीही फार्मसीतून परस्पर गोळ्या आणू नयेत आणि प्रत्येक डॉक्टरला आजाराचे नाव आधी सांगावे. गिळताना ठसका लागू लागला किंवा उताणे झोपल्यावर धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.