कार अपघातात जखमी झाल्यावर भरपाईच्या दृष्टीने आधी काय करावे?

आधी १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलिसांना बोलवावे. जखम किरकोळ वाटली तरी रुग्णालयात त्याच दिवशी एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायदेशीर कामासाठीची वैद्यकीय) नोंद करून घ्यावी, कारण दुखापत त्याच अपघातातील आहे हे पुढे दाखवताना हा कागद फार उपयोगी पडतो. केंद्राच्या २०२५ च्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघातानंतर ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे विनारोकड उपचार मिळू शकतात. समोरचा चालक जागेवरच ‘मिटवून टाकू’ म्हणाला (बहुधा म्हणतोच), तरी कशावरही सही करू नये. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, शक्यतो सहा महिन्यांच्या आत करावा. तो आपल्या राहत्या जिल्ह्यातही दाखल करता येतो.